परदेशातून मागवलेल्या मालावर ड्युटी नेमकी किती बसते? हिशोब इथे मांडू या

खाडीकाठ

मंडळी, "कस्टमने एवढे कसे काय लावले?" हा प्रश्न इथे कुठल्या ना कुठल्या धाग्यात सारखा येतो आणि उत्तरं विखुरली जातात. म्हणून हा वेगळा धागा. मी नवी मुंबईत क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे. न्हावा शेव्याला उतरणाऱ्या मालाच्या बिल ऑफ एंट्री भरणं हे माझं रोजचं काम.

ड्युटीचा आकडा कुणाच्या मर्जीने पडत नाही. माल निघण्याआधी तो घरी बसून काढता येतो आणि भरल्यावर ओळ न् ओळ तपासता येते. आपल्याकडे मात्र कुरियरचा मेसेज आला की लोक पैसे भरतात, चडफडतात आणि ज्या कागदावर सगळा हिशोब लिहिलेला असतो तो मागतच नाहीत. त्या कागदाचं नाव बिल ऑफ एंट्री. मालाचं असो की पार्सलचं, ती प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

हिशोबाचा क्रम असा. आधी असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे ज्या रकमेवर कर बसतो ती. यात वस्तूची किंमत, आपल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा, तिन्ही येतात. विक्रेत्याला फक्त वस्तूचे पैसे दिले म्हणून तेवढ्यावरच ड्युटी, असं नसतं. त्यावर मूळ सीमाशुल्क, म्हणजे बीसीडी. मग बीसीडीच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार. हा मालाच्या किमतीवर नसतो, फक्त बीसीडीच्या रकमेवर असतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात जुना शिक्षण उपकर काढून हा आणला. शेवटी आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, आणि तो आधीच्या तिन्हींच्या बेरजेवर. म्हणजे करावर कर बसतोच, म्हणून दर नुसते एकमेकांत मिळवून उत्तर जुळत नाही.

आयजीएसटी १८ टक्के धरला तर आमच्याकडे काही आकडे सगळ्यांना पाठ असतात. बीसीडी साडेसात असेल तर एकूण २७.७३५ टक्के, दहा असेल तर ३०.९८, वीस असेल तर ४३.९६. मोबाइल फोनचा बीसीडी जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात वीसवरून पंधरावर आला, तिथे एकूण ३७.४७ होतात. काही मालावर अधिभार माफ असतो, काहींवर कृषी पायाभूत सेस किंवा अँटी-डंपिंग ड्युटी वेगळी असते, त्यामुळे टॅरिफमधली, म्हणजे सरकारी दरपत्रकातली, आपल्या मालाची ओळ पाहिल्याशिवाय हे आकडे लावू नका.

डॉलरचा दर बँकेचा किंवा गुगलचा चालत नाही. सीमाशुल्क विभाग स्वतःचा दर जाहीर करतो, तोच धरायचा.

काजूबी

दादा, योग्य वेळी धागा काढलात. आमचं वेंगुर्ल्याजवळ काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. चीनहून व्हॅक्यूम पॅकिंग मशीन बघतोय. त्यांच्या बंदरात जहाजावर चढवून देण्याचा भाव २,००० डॉलर सांगतायत, न्हावा शेव्यापर्यंतचं भाडं ३०० डॉलर. बँकेकडे किती रकमेची सोय करून ठेवू?

खाडीकाठ

काजूबी, समजायला सोपं म्हणून डॉलर ८८ रुपये धरतो, तुमच्या वेळी जो दर असेल तो घाला.

मशीन १,७६,००० रुपये. भाडं २६,४००. विमा वेगळा दाखवलेला नसेल तर नियमाप्रमाणे जहाजावर चढवलेल्या किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे १,९८०. बेरीज २,०४,३८०. ही तुमची असेसेबल व्हॅल्यू.

पॅकिंग मशीन टॅरिफच्या ८४२२ या शीर्षकात (मालाच्या वर्गीकरणाच्या कोडात) येतं, बीसीडी साडेसात टक्के. म्हणजे १५,३२८ रुपये ५० पैसे. अधिभार त्याच्या दहा टक्के, १,५३२ रुपये ८५ पैसे. आतापर्यंतची सगळी बेरीज २,२१,२४१ रुपये ३५ पैसे, त्यावर १८ टक्के आयजीएसटी ३९,८२३ रुपये ४४ पैसे. एकूण ड्युटी साधारण ५६,६८५ रुपये. २,०४,३८० ला २७.७३५ टक्के लावून बघा, तोच आकडा येतो.

भाडं आणि विमा या दोन ओळींत बरेचदा गडबड होते, म्हणून थोडं लांबण लावतो. भाड्याचा कागदच नसेल तर कस्टम वस्तूच्या किमतीच्या २० टक्के भाडं धरतं. तुमच्या बाबतीत ते ४०० डॉलर होतील, खरे ३०० असताना. म्हणजे कागद ठेवला नाही म्हणून शंभर डॉलरवर उगाच कर. आता उलटी बाजू. हेच मशीन विमानाने मागवलंत आणि भाडं ९०० डॉलर झालं, तरी असेसेबल व्हॅल्यूत विमानभाडं २० टक्क्यांच्या वर धरता येत नाही. तिथेही ४०० डॉलरच. विमानाने आलेल्या मालात पूर्ण भाडं धरून ड्युटी काढलेली दिसली तर लगेच विचारा. आणि कुणी जुन्या सवयीने एक टक्का लँडिंग चार्ज घालत असेल तर तो २०१७ मध्येच गेला.

विक्रेत्याचा भाव कारखान्याच्या दारातला असेल, तर तिथून त्यांच्या बंदरापर्यंतचा खर्चही किमतीत मिळवावा लागतो. कोटेशनवर भाव नेमका कुठपर्यंतचा आहे ते आधी लिहून घ्या.

ताळेबंद

वरचा हिशोब बरोबर आहे. सीए म्हणून एक भर घालते. काजूबी, तुमची जीएसटी नोंदणी नियमित असेल तर ते ३९,८२३ रुपये तुम्हाला क्रेडिट म्हणून परत वापरता येतील. तुमच्या अंगावर पडणारा खर्च बीसीडी आणि अधिभार, म्हणजे १६,८६१ च्या आसपास. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या योजनेत, असाल तर मात्र क्रेडिट नाही, सगळाच खर्च.

यासाठी बिल ऑफ एंट्रीवर जीएसटीआयएन, म्हणजे तुमचा जीएसटी नोंदणी क्रमांक, अचूक हवा. तो असला की नोंद तुमच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या विवरणात, आपोआप येते. एजंटने तुमच्याऐवजी दुसराच नंबर घातल्याची प्रकरणं माझ्याकडे येतात आणि ती निस्तरायला महिने जातात. आयात कोड काढला नसेल तर आधी तो काढा. ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये, आणि नंबर म्हणजे तुमचा पॅनच.

काजूबी

ताई, खूप उपयोग झाला. नोंदणी नियमितच आहे. अजून एक. विक्रेता स्वतःहून म्हणतोय की १,००० डॉलरचं इन्व्हॉइस करून देतो, उरलेले वेगळे पाठवा. इकडे बरेच जण असंच करतात म्हणे.

ताळेबंद

अजिबात करू नका. कायदा बाजूला ठेवला तरी हा व्यवहार तुम्हाला परवडत नाही. हजार डॉलर लपवून वाचणार काय? बीसीडी आणि अधिभार मिळून सात-आठ हजार रुपये. आयजीएसटी तर तुम्हाला परत मिळणारच होता. त्यासाठी अर्धं मशीन तुमच्या वह्यांत येणारच नाही, त्यावर घसारा मिळणार नाही, आणि वरचे हजार डॉलर कुठल्या मार्गाने पाठवणार? बँकेतून गेलेला प्रत्येक डॉलर रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस या प्रणालीत बिल ऑफ एंट्रीशी ताडून पाहिला जातो.

खाडीकाठ

ताईंना पूर्ण दुजोरा. त्यात कस्टमकडे तसल्याच मशीनच्या इतर आयातींचे भाव असतात. जाहीर किमतीवर शंका आली की अधिकारी खुलासा मागतो, पटला नाही तर ती किंमत नाकारून त्याच सुमारास आलेल्या तशाच मालाच्या भावाने ड्युटी काढतो. मुद्दाम लपवलेलं सिद्ध झालं तर पाच वर्षं मागे जाऊन वसुली होऊ शकते, वर व्याज आणि चुकवलेल्या ड्युटीएवढा दंड. 'सगळे करतात' म्हणणारा त्या वेळी तुमच्या बाजूला उभा राहत नाही.

वाळवंटी_पुणेकर

दुबईहून लिहितोय. यूएईबरोबर १ मे २०२२ पासून ड्युटीत सवलत देणारा व्यापार करार लागू आहे ना? मग काजूबींनी हेच मशीन इथल्या व्यापाऱ्याकडून घेतलं तर बीसीडी वाचेल का? इथे असली चिनी मशीन गोदामात तयार मिळतात.

खाडीकाठ

नाही वाचणार. करारातली सवलत माल कुठून निघाला यावर मिळत नाही, कुठे बनला यावर मिळते. दुबईच्या गोदामात ठेवलेलं चिनी मशीन कागदोपत्री चिनीच राहतं. सवलत हवी तर त्या देशाच्या अधिकृत संस्थेने दिलेलं ओरिजिन सर्टिफिकेट लागतं. शिवाय सप्टेंबर २०२० पासूनच्या नियमांनुसार माल तिथलाच का मानायचा याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते. नुसतं सर्टिफिकेट जोडून हात झटकता येत नाहीत. जपानशी २०११ पासून, ऑस्ट्रेलियाशी २०२२ च्या डिसेंबरपासून करार लागू आहेत. तिथे बनलेला माल घेत असाल तर विक्रेत्याला माल निघण्याआधीच सर्टिफिकेटबद्दल विचारा.

सातारची_माई

माझा प्रश्न घरगुती आहे. मुलगी लेस्टरला असते. तिने घरातल्यांसाठी स्वेटर आणि थोडी भांडी पाठवली. खोक्यावर "गिफ्ट" लिहिलं होतं तरी कुरियरवाल्यांनी भरपूर पैसे घेतले. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेट मोफत यायची, हे मला पक्कं आठवतं. ते बंद झालं का?

खाडीकाठ

माई, तुम्हाला बरोबर आठवतंय. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली. परदेशी विक्रेते दुकानाचा माल 'भेट' म्हणून शेकडो पत्त्यांवर पाठवायला लागले होते. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढेच अपवाद ठेवले. राखीसुद्धा फक्त राखी. तिच्याबरोबर घातलेल्या घड्याळाला सूट नाही. राखीची ड्युटी १०० रुपयांच्या आत राहते आणि तेवढी छोटी रक्कम वसूलच करायची नाही असं सीमाशुल्क कायद्याचं कलम २५(६) सांगतं.

पार्सलने येणाऱ्या वैयक्तिक वापराच्या मालासाठी ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे. तिथे बीसीडी ३५ आणि आयजीएसटी २८ टक्के होता तेव्हा एकूण ७७.२८ टक्के व्हायचे. स्वेटरच्या किमतीच्या पाऊणपट! आजी-आजोबांना लेकीने पाठवलेल्या वस्तूवर आणि व्यापाऱ्याच्या मालावर एकच करडी नजर ठेवणं मला पटत नाही, आणि हे मी कस्टमच्या कामात असूनही म्हणतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे बदलले, आयजीएसटी १८ वर आला, बीसीडीही उतरवला आहे. त्यामुळे तुमच्या बिलावर कोणत्या तारखेचा दर लावलाय ते बघा.

मुलीला एवढं सांगा की खोक्यावर प्रत्येक वस्तूचं नाव आणि खरी किंमत लिहायची, दुकानाची पावती आत आणि बाहेर दोन्हीकडे लावायची. "गिफ्ट" किंवा "किंमत नाही" लिहिलं की अधिकाऱ्याला स्वतः अंदाज करावा लागतो आणि तो अंदाज आपल्या सोयीचा असेलच असं नाही.

ताळेबंद

माई, कुरियरने घेतलेली सगळी रक्कम ड्युटी नसते. त्यात त्यांचा हाताळणीचा आकार आणि त्या आकारावरचा जीएसटी असतो. दोन्ही वेगळं मागून घ्या. बिल ऑफ एंट्रीवर छापलेली रक्कम सरकारची, बाकी कुरियरची. घासाघीस करायची ती दुसऱ्या भागावर.

ग्रंथसखा_सोलापूर

माझं पुस्तकांचं दुकान आहे, इंग्लंडहून कलेवरची पुस्तकं मागवतो. पुस्तकांवर ड्युटी नसते अशी माझी समजूत होती, पण गेल्या खेपेला बसली.

खाडीकाठ

२०१९ च्या अर्थसंकल्पापासून छापील पुस्तकांवर ५ टक्के बीसीडी आहे. अधिभार धरून साडेपाच. आयजीएसटी शून्य. त्याहून जास्त बसली असेल तर बिलावरचं शीर्षक बघा. छापील पुस्तकं ४९०१ मध्ये, मुलांची चित्रांची आणि रंगवायची पुस्तकं ४९०३ मध्ये, कॅलेंडरं ४९१० मध्ये आणि डायऱ्या ४८२० मध्ये जातात. एकाच खोक्यात हे सगळं असेल आणि इन्व्हॉइसवर नुसतं "स्टेशनरी व पुस्तकं" लिहिलं असेल, तर सगळ्या खोक्याला महागडी ओळ लागू शकते. प्रकाशकाकडून प्रत्येक प्रकाराची वेगळी ओळ लिहून घ्या.

खरा कस इथे लागतो. गुणाकार-बेरीज कुणालाही जमते. माल कोणत्या शीर्षकात बसतो, हे ठरलं की ड्युटी ठरली. काजूबींना जवळचं उदाहरण देतो. कच्च्या काजूबियांचा बीसीडी २०१८ मध्ये पाचवरून अडीच टक्क्यांवर आणला, कारण इथल्या कारखान्यांना आफ्रिकेतून बी आणावी लागते. तयार काजूगराचा मात्र २०१९ मध्ये ४५ वरून ७० केला, म्हणजे फोडलेला गर बाहेरून येऊन इथले काजू फोडायचे कारखाने बंद पडू नयेत. फळ एकच, मध्ये फक्त टरफल. अडीच कुठे आणि सत्तर कुठे! खेळण्यांचंही असंच झालं. २०२० मध्ये २० वरून ६०, मग २०२३ मध्ये ७०, आणि जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक संस्थेचं) प्रमाणपत्र सक्तीचं.

शीर्षकाचे पहिले सहा आकडे जगभर जवळपास सारखे असतात, पुढचे दोन आपल्या देशाचे. म्हणून विक्रेत्याने दिलेला कोड डोळे झाकून उतरवू नका. पहिले सहा पडताळा आणि शेवटचे दोन आपल्या टॅरिफमधून घ्या.

काजूबी

काजूगराचं उदाहरण अगदी मनातलं. ७० टक्के झाले तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता.

पण समजा अधिकारी म्हणाला की तुमचं शीर्षक चुकलंय, जास्त भरा. माल तर तिथे अडकलेला. मग काय करायचं? आधी भरून टाकायचे आणि नंतर रिफंड मागायचा?

ताळेबंद

हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. नुसतं भरून नंतर रिफंडचा अर्ज केला तर तो फेटाळला जाईल. सप्टेंबर २०१९ मध्ये आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बिल ऑफ एंट्रीवरची आकारणी बदलून घेतल्याशिवाय रिफंड मागता येत नाही. आकारणी बदलायचे मार्ग म्हणजे अपील, किंवा कलम १४९ खाली बिलात दुरुस्ती. त्यामुळे माल सोडवायला पैसे भरावे लागले तरी ती आकारणी मान्य असल्याचं लिहून देऊ नका. लेखी कळवा की आम्हाला हे मान्य नाही, कारणांसह आदेश द्या. असा आदेश १५ दिवसांत देणं कलम १७(५) प्रमाणे बंधनकारक आहे. तो मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्तांकडे अपील. रिफंडच्या अर्जाला एक वर्षाची मुदत असते, तीही डोक्यात ठेवा.

शीर्षकाबद्दल आधीपासूनच शंका असेल आणि तोच माल पुन्हा पुन्हा आणायचा असेल, तर माल मागवण्यापूर्वी आगाऊ निर्णय घ्या. त्यासाठीचं प्राधिकरण २०२१ पासून मुंबईत आणि दिल्लीत आहे. एका मशीनसाठी हा खटाटोप नको, पण दर हंगामाला माल आणणाऱ्याने जरूर करावा.

न्यूजर्सीची_वहिनी

उलट्या दिशेचं कुणी सांगेल का? सासूबाई दरवर्षी चिवडा-चकल्या पाठवतात. पूर्वी कधीच काही भरावं लागलं नाही.

वाळवंटी_पुणेकर

वहिनी, अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला जी सूट होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली. माणसाने माणसाला पाठवलेली १०० डॉलरपर्यंतची भेट तेव्हा वगळली होती. तिथले नियम सारखे बदलतायत, तेव्हा सासूबाईंना पाठवायच्या आठवड्यात कुरियरकडे चौकशी करायला सांगा. फराळाच्या प्रत्येक पदार्थाचं नाव, वजन, किंमत लिहिलेली यादी तर लागेलच.

सातारची_माई

मला काल फोन आला होता. "मी कस्टम अधिकारी बोलतोय, तुमचं पार्सल दिल्लीला अडकलंय, या खात्यावर पैसे टाका." मी मुलीला विचारलं तर तिने काही पाठवलंच नव्हतं.

खाडीकाठ

माई, शहाणपणा केलात. सगळ्यांनी लक्षात ठेवा, कस्टम कुणाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या (कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या) संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

काजूबी

मशीनची ऑर्डर या आठवड्यात देतोय. शेवटचे दोन प्रश्न. कागद कधीपर्यंत तयार ठेवू? आणि विक्रेता मशीनबरोबर सीलिंगच्या जास्तीच्या पट्ट्या आणि पंपाचे सुटे भाग देतोय, त्यांचं काय?

खाडीकाठ

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल चढवल्याची पावती) जहाज तिकडून सुटताच ईमेलने मागवून घ्या. तुमचं एकच मशीन म्हणजे माल दुसऱ्यांबरोबर एका कंटेनरमधून येणार. अशा मालात सीएफएसचे (बंदराबाहेर कंटेनर रिकामे करायच्या गोदामाचे) आणि डिलिव्हरी ऑर्डरचे (माल सोडायच्या कागदाचे) आकार कधी कधी बीसीडीपेक्षा जास्त निघतात. भाडं ३०० डॉलर म्हणजे स्वस्त वाटतं, पण इकडचे आकार किती ते त्या फॉरवर्डरकडून आधी लेखी घ्या.

सुट्या भागांसाठी १९६३ चे अ‍ॅक्सेसरीज (कंडिशन) रूल्स आहेत. मशीनबरोबर नेहमीच्या व्यवहारात ते द्यावेच लागत असतील आणि त्यांची वेगळी किंमत लावलेली नसेल, तर त्यांना मशीनचाच दर लागतो. म्हणून इन्व्हॉइसवर ते मशीनच्या ओळीखाली, 'किंमत मशीनमध्ये समाविष्ट' असं लिहून यायला हवेत. वर्षभर पुरतील एवढ्या पट्ट्या घेणार असाल तर ती वेगळी खरेदी झाली. मग त्यांची वेगळी ओळ, खरी किंमत आणि स्वतःचं शीर्षक. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आलं की विक्रेत्याचं नाव झाकून इथे टाका, ओळी तपासून देतो.